वेताळाच्या आतला कागद

नाव : श्री. मंगळू सोनू भोये. वय : छप्पन्न. राहणार : पेठ तालुक्यातला एक पाडा. व्यवसाय : भात, नागली आणि बोहाड्यात वेताळ. पद : अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण : चौथी उत्तीर्ण. शेवटचा रकाना सदर इसमाने स्वतः सांगितल्यावरून भरला आहे.

बोहाडा हा डोंगरपट्टीतला मुखवट्यांचा उत्सव. एकेका मुखवट्याचा मान एकेका घराकडे. भोयांकडे वेताळ. तो मंगळूच्या बापाने केला आणि गेली तीस वर्षं मंगळूच तो लावून नाचतो.

गेल्या वर्षी नाशिकहून वेदिका मॅडम आल्या. जिल्ह्यातले सगळे मुखवटे फोटो, नकाशा आणि माहितीसकट एका संकेतस्थळावर टाकायचे, कुणीही बघावेत, असं काम होतं. वेताळ त्यांनी समोरून आणि दोन्ही बाजूंनी टिपला. पालथा घालू दिला नाही. देव पालथा घालत नाहीत.

दोन महिन्यांनी मंगळूने मोबाईलवर वेताळ पाहिला. खाली लिहिलं होतं : ‘कारागीर अज्ञात. काळ अलीकडचा.’ रंग ताजा दिसला म्हणून. दर बोहाड्याआधी नवा रंग देतात, हे पाड्यावर कुणी कुणाला सांगत नाही, त्यामुळे मॅडमनाही कुणी सांगितलं नव्हतं.

“सासऱ्याला मोबाईलबी वळखत नाय,” त्याची बायको चिमणाबाई म्हणाली. “आन तू म्हनं अध्यक्ष!”

मंगळूने फोन लावला. “मॅडम, वेताळ माझ्या बापानं केलाय.”

“काका, माझा विश्वास आहे हो. पण ते ‘ऐकीव माहिती’ म्हणून जाईल. नाव आणि साल टाकायला काहीतरी कागद लागतो.”

कागद होता. तो कुठे आहे हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, कारण वेताळात डोकं घालणारा तो एकटाच होता.

तीन दिवस त्याला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी त्याने मॅडमना बोलावलं आणि वेताळ दाराच्या चौकटीला टांगला, तोंड अंगणाकडे करून.

“पालथा घालायचा नाय. पन मागून बघाया कोन नको म्हनतं? घरात या.”

मॅडमनी घरात जाऊन टॉर्च मारला. मुखवट्याच्या कागदी लगद्याला बळकटी यावी म्हणून आतून चिंचोक्याच्या खळीने कागद चिकटवला होता. डोळ्यांच्या भोकांच्या बरोबर वर प्रगतिपत्रक : इयत्ता चौथी, १९७९, मंगळू सोनू भोये, नापास. पालकाच्या सहीच्या जागी निळा अंगठा. त्या वर्षी घरात जाड कागद तेवढाच होता, आणि जपून ठेवावा असा तो नव्हता.

कडेला ओल्या लगद्यात आणखी एक अंगठा दाबलेला होता. मॅडमनी दोन्ही ठसे लॅपटॉपवर एकावर एक ठेवले. रेषेवर रेष बसली.

चिमणाबाई मागून डोकावून वाचत होती. “आरं! तू तं पास झालता ना?”

“पुढच्या वर्साला व्हनार व्हतो,” मंगळू म्हणाला. “शाळाच सुटली.”

“काका,” मॅडम हळूच म्हणाल्या, “गुणांचा भाग कापून टाकू का? अंगठा तेवढा ठेवते.”

मंगळूने कागदावरून बोट फिरवलं. “नको. बापानं फाडला नाय, आपन कशाला कापायचा? पुरा दाखवा.”

संकेतस्थळाच्या कार्यक्रमाला नाशिकच्या सभागृहात वेताळ दहा फुटी पडद्यावर आला, सावकाश फिरला आणि सगळ्यांना त्याची आतली बाजू दिसली. ‘कारागीर : सोनू जानू भोये. साल १९७९.’ दोन जीप भरून आलेला पाडा उठून उभा राहिला. चिमणाबाईने शिट्टी मारली. ती शिट्टी वाजवते हे मंगळूला लग्नानंतर पस्तीस वर्षांनी कळलं, म्हणजे फिट्टंफाट.

त्यानंतर आसपासच्या पाड्यांवर लोकांनी आपापले देव चौकटींना टांगले. आत रेशनकार्डं निघाली, लग्नपत्रिका निघाल्या, एक प्रचाराचं पत्रक निघालं. संकेतस्थळावरचे अकरा ‘अज्ञात’ नावानिशी उभे राहिले.

सदर इसम आजही शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. त्याला गणितात शंभरपैकी नऊ गुण आहेत.