त्रिकोणातला फुटलेला त्र

वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या रोवेना तुस्कानोने मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं एक साधन एकटीच्या बळावर उभं केलं होतं. पडद्याच्या डावीकडे मुलांनी मराठीत आज्ञा लिहायच्या, उजवीकडे चित्र उमटत जायचं. 'पुढे', 'वळ', 'पुन्हा', 'त्रिकोण'. अर्नाळ्याच्या शाळेत विनयाबाईंनी ते पहिल्यांदा वर्गात आणलं, तेव्हा कोळीवाड्यातली पोरं 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहायची आणि प्रोग्रॅम अडून बसायचा. रोवेनाने पोरांना सुधारलं नाही, प्रोग्रॅमच सुधारला. दोन्हीला निळ्या लाटा येऊ लागल्या. त्या दिवशी वर्गात उठलेला कालवा ऐकत ती कितीतरी वेळ दारातच उभी होती.

संकेत तिचा कॉलेजातला मित्र. वसईत त्याची छोटी कंपनी होती. त्याने ते साधन कंपनीत घेतलं, रोवेनालाही घेतलं. हक्क कंपनीच्या नावावर गेले. तिने दुसऱ्यांदा न वाचता सही केली, मित्रच तो.

कुरबूर सुरू झाली ती वेगावरून. चित्र काढायला रोवेनाने निवडलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सगळं काम कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर करायची. जुन्यापान्या मशीनवरही ती चालायची, जोडाक्षरं नीट जुळवायची. पण कुणी फुलाला हजार पाकळ्या काढल्या की धापा टाकायची. नव्याने आलेल्या जितेशने दुसरी लायब्ररी शोधली. ती सगळं चित्र जीपीयूकडे, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे सोपवायची.

मीटिंगमध्ये जितेशने हजार पाकळ्यांचं तेच फूल गरगर फिरवून दाखवलं. कुठे अडखळणं नाही. रोवेनालाही क्षणभर हेवा वाटला. मग तिने कीबोर्ड ओढून घेतला आणि 'त्रिकोण' लिहिलं. त्र फुटला. पाय मोडलेला त एकीकडे, र दुसरीकडे आणि वेलांटी पुढच्या 'को'च्या डोक्यावर.

"ही प्रत्येक अक्षर सुटं काढते," ती म्हणाली. "जोडाक्षर तिला कळतच नाही."

"ते नंतर बघू ना," जितेश म्हणाला. "पहिलं व्हर्जन इंग्लिशमध्ये काढू."

"मग दोन्ही लायब्रऱ्या ठेवा. ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना जुनी."

संकेतने मान हलवली. "दोन-दोन कोण सांभाळणार, रोवेना? मोठ्या शाळांना दाखवायचंय. त्यांच्याकडे सगळे नवे लॅपटॉप आहेत."

"आणि अर्नाळा?"

"अर्नाळ्यात असे किती जण वापरतात, तूच सांग."

भांडायला हवं होतं, पण तिने कीबोर्ड जितेशकडे परत सरकवला. मराठी आज्ञा काढून टाकायचं कामही तिच्याकडेच आलं, कारण तो कोड दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. एकेक शब्द तिने स्वतःच्या हाताने पुसला. 'पानी'सुद्धा.

नवं साधन निघाल्यावर कंपनीने जुनं बंद केलं. विनयाबाईंचा फोन आला तेव्हा रोवेना सुट्टी टाकून अर्नाळ्याला गेली. शाळेतल्या एकाही मशीनवर चित्राची खिडकी उघडेना. नुसता काळा चौकोन. वर्ग गप्प होता.

"जुनं परत दे ना, बाई," विनयाबाई म्हणाल्या.

"माझं राहिलं नाही ते आता."

"म्हणजे? तूच केलंस ना?"

पुढे मुख्याध्यापकांनी, कॉम्प्युटरच कुचकामी झाले, असं ठरवून ते भंगारात काढले. खोलीत आता जुने बाक रचलेले असतात. विनयाबाईंनी नंतर कधी फोन केला नाही, आणि रोवेनाचीही हिंमत झाली नाही.

नोकरी तिने सोडली नाही. आई कार्मिनचं आजारपण होतं आणि दुसरीकडे जायचं त्राणही उरलं नव्हतं.

दोन वर्षांनी संकेत उत्साहाने तिच्या टेबलाशी आला. प्रादेशिक भाषांची मागणी आली होती. जितेशच्या लायब्ररीला आता जोडाक्षरं जमत होती आणि सगळ्या आज्ञांचं मराठी त्याने मशीनकडून एका दुपारीत करून घेतलं होतं. "बघ, शेवटी तुझं स्वप्न पुरं केलं की नाही?" संकेत म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं, हेच तिला जास्त लागलं.

तिने यादी उघडली. 'पुढे'च्या जागी 'अग्रेषित करा' होतं. 'वळ'च्या जागी 'परिभ्रमण करा'. 'पुन्हा'च्या जागी 'पुनरावृत्ती कार्यान्वित करा'.

"मुलं हे कसं लिहिणार, संकेत?"

"अगं, शुद्ध मराठी आहे ती! तू फक्त अक्षरं तपास. तुटत नाहीत ना कुठे?"

रोवेनाने शेवटपर्यंत पाहिलं. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी होती.

"नाही," ती म्हणाली. "अक्षरं सगळी बरोबर आहेत."

"मग पाठवून दे," म्हणत संकेत जितेशला शाबासकी द्यायला गेला. तिने पाठवून दिलं.