मऊ पेशी

परवा चाकणला कंपनीत फळ्यावर लिहिताना मार्करचा स्पिरिटसारखा वास नाकात गेला आणि डॉक्टरांची ती खोली आठवली. आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का?' विचारून मुळाशी जायची पद्धत आहे. बायकोच्या स्तनाचा कॅन्सर यकृतात पसरलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी चाकणच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखा सुरू झालो. का पसरला? कॅन्सरच्या पेशींना शेजारच्या पेशींशी चिकटवून ठेवणारं प्रथिन कमी झालं, म्हणून त्या सुटल्या, ते म्हणाले. मग बारीक वाटांतून गेल्या कशा? निरोगी पेशींपेक्षा त्या मऊ असतात, दबून निसटतात. मी वैतागलो. "मऊ कशा? गाठ तर दगडासारखी लागत होती!" डॉक्टरही वैतागले. "अहो, टणक असतं ते भोवतालचं जाळं, पेशी नव्हे!" मी त्यांना कागदावर आकृती काढायला लावली. बायको दोनदा "अहो, जरा..." म्हणाली. "थांब गं, समजून तर घेऊ दे!" तेवढ्यात नर्सने पुढच्या पेशंटला आत घेतलं. चिखलीला घरी येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो, तरी माझं मऊ-टणक चालूच. ती म्हणाली, "झालं तुमचं समजून? मला एकच विचारायचं होतं, ते राहिलं." काय ते मी विचारलं, तर म्हणाली, "जाऊ द्या, तुम्ही कुठं डॉक्टर आहात!" पुढच्या तपासणीपर्यंत आजार एवढा बळावला, की तिचं बोलणंच थांबलं होतं. पेशी का सुटतात, हे आज मी कुणालाही नीट समजावून सांगेन; तिला काय विचारायचं होतं, ते मात्र मला माहीत नाही.