कोपरा कापलेलं पुस्तक

मी पुस्तकं करते असं सांगितलं की लोक विचारतात, कुठल्या विषयावर लिहिता? लिहीत नाही, करते, असं म्हटलं की चेहरे पडतात. मग मी पिशवीतून एखादं काढून दाखवते. कधी घड्या घातलेलं, कधी दोऱ्यानं शिवलेलं. कधी नुसती चित्रं, कधी पानावर एखादी ओळ. प्रकाशक मी, विक्रेती मी, हमालही मीच. समोरचा माणूस ते उलटसुलट करतो आणि परत देताना म्हणतो, ‘छान आहे, पण हे नक्की काय आहे?’ माझ्या सख्ख्या आत्यानं विचारलंय, ‘पत्रिका का गं कुणाची?’ आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका काकूंनी तर एक पुस्तक कौतुकानं मागून नेलं आणि त्यातल्या कोऱ्या पानांवर लोणच्यांच्या कृती उतरवून काढल्या. वर मला सांगितलं, ‘पानं कमी पडली, पुढचं जरा जाड काढ.’

या सगळ्यांना हसून सोडून देता येत होतं. बाबांना सोडून देता येत नव्हतं. ते माझ्या कामाला ‘तुझे ते कागद’ म्हणायचे. ‘तुझे ते कागद पलंगावरून उचल, मला आडवं व्हायचंय.’ आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकायला लागतं याची कल्पना करा.

बाबा साकीनाक्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. लोखंडाच्या तुकड्याला भोक पाडताना तो हलू नये म्हणून त्याला गच्च धरून ठेवणारे साचे असतात, त्यांना जिग म्हणतात. त्या जिगांची ड्रॉइंग बाबा काढायचे. कारखाना बंद पडला तेव्हा सगळं भंगारात निघालं, कागदांसकट. बाबांनी ट्रेसिंग पेपरची एक जाडजूड गुंडाळी काखेत मारून घरी आणली आणि कपाटावर टाकली. तिथे ती वर्षानुवर्षं पडून होती. कारखान्याची जागा आता काचेच्या इमारतीनं घेतलीय. तिच्या समोरून रिक्षा जायला लागली की बाबा दुसऱ्या बाजूला बघतात. कारखान्याबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत. मी लहानपणी विचारायचे, मोठेपणी विचारलं. उत्तर एकच, ‘झालं ते झालं.’

कपाट हलवताना ती गुंडाळी खाली आली आणि मी उघडली. मला दुसरं काही सुचेना झालं. इतकी स्वच्छ रेघ मी आयुष्यात काढलेली नाही. प्रत्येक कागदाचा उजवीकडचा वरचा कोपरा मात्र गायब होता. ड्रॉइंग बोर्डावर कागद चिकटवलेली टेप ओढताना तोच कोपरा दर वेळी फाटलेला. बाबांची घाई मला ठाऊक आहे, दुधाची पिशवीसुद्धा ते दातांनी फोडतात. मला वाटलं, हेच पुस्तक. या ड्रॉइंगचं एक पुस्तक करायचं, बाबांच्या हातात द्यायचं, आणि त्यांच्या जुन्या मित्रांना पाठवायचं. ते बघून तरी बाबा तोंड उघडतील. मला तेवढंच हवं होतं. बक्षीस नको, कौतुक नको, त्यांनी एकदा ते उघडून त्यावर चार शब्द बोलावेत.

मरोळला एका गाळ्यात रिसो मशीन आहे. दिसायला झेरॉक्सच्या मशीनसारखं, पण एका वेळी एकच रंग छापतं आणि तो रंग बोटाला लागतो. मी करडा कागद घेतला, काळी शाई घेतली. सगळ्या प्रती एकावर एक रचून उजवीकडचा वरचा कोपरा तिरका कापून घेतला. मुखपृष्ठावर बाबांचं पूर्ण नाव आणि खाली दोन सालं, मधे आडवी रेघ. पहिलं साल ते कामाला लागले ते, दुसरं कारखान्याला टाळं लागलं ते. बाकी काही नाही. मला ते इतकं झकास वाटलं की मी गाळ्यातच एकटी हसत उभी होते.

बाबांच्या टेलिफोनच्या डायरीतून मित्रांचे पत्ते गुपचूप उतरवून घेतले आणि प्रती पोस्टात टाकल्या. पाकिटंही मी त्याच कागदाची केली होती, तशीच कोपरा कापलेली. मग घरी येऊन बाबांची प्रत त्यांच्या हातात दिली.

त्यांनी मुखपृष्ठ बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, ‘हं’ म्हणाले आणि पुस्तक फ्रिजवर ठेवून दिलं.

मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘छपाई कशी झालीय?’ ‘बरी आहे.’ पुढच्या दिवशी विचारलं, ‘कागद कसा वाटतो हाताला?’ ‘बराय.’ पुस्तक फ्रिजवरच. त्याच्यावर लाइट बिल आलं, मग केळी आली. मी केळी बाजूला करायचे, ती परत त्याच्यावर यायची. रोज विचारायचं आणि रोज ‘बरी’ ऐकायचं. माझं डोकं इतकं फिरलं होतं की एकदा मी भाजीत मीठच टाकलं नाही, आणि बाबांनी ते मात्र लगेच सांगितलं.

तेवढ्यात गावात, म्हणजे दक्षिण मुंबईत, आमच्यासारख्यांची एक पुस्तकजत्रा होती. तिथे मी टेबल लावलं. एका चष्मेवाल्या तरुणानं पुस्तक दोन बोटांत धरलं, कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, या कोपऱ्यातून एक अभाव जाणवतो. मी मान डोलावली. एक बाई म्हणाली, क्यूट आहे. कुणी कागदाचं वजन विचारलं, कुणी मशीन कुठलं ते विचारलं. ही ड्रॉइंग कशाची आहेत, कुणी काढली, हे दिवसभरात एकानंही विचारलं नाही. संध्याकाळी टेबल आवरताना मला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबांच्या मोबाइलवर एक फोन आला. मी समोरच बसले होते. बाबा म्हणाले, ‘हॅलो. कोण? हो, मीच. अरे, मीच बोलतोय!’ पलीकडून फोन कट. ‘कोण होतं?’ मी विचारलं. ‘काय माहीत, घाबरल्यासारखा वाटला,’ म्हणून ते परत पेपर वाचायला लागले.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पांढरा शर्ट घातलेले एक आजोबा उभे होते. मी त्यांना लहानपणी बघितलं होतं, बाबांच्या कारखान्यातले टर्नर, जोगेश्वरीला राहणारे. मी ‘या ना काका’ म्हणायच्या आत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरलेले. ‘कसं झालं गं एकदम? आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही.’

मला कळेना काय झालं. तेवढ्यात आतून बनियनवर, खांद्यावर पंचा टाकून बाबा आले. ‘कोण आलंय गं?’

काकांनी दाराची चौकट धरली. मी त्यांचा दुसरा हात धरला, नाहीतर ते खालीच बसले असते.

पाणी प्यायल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटला, आणि पहिले शब्द शिव्या होत्या. मग म्हणाले, ‘अरे, कोपरा फाटलेलं पाकीट येतं घरी. उघडलं तर आतल्याचाही कोपरा नाही. वर तुझं नाव, खाली दोन सालं. माणसानं समजायचं काय?’

‘सालं वाचलीस का नीट?’ बाबा म्हणाले.

‘सालं कोण वाचतं यार? मधे रेघ होती ना! आपल्या बोरिवलीवाल्याचा फोन आला, त्यालाही तसंच आलेलं. तो निघणारच होता, पण त्याचे गुडघे. घरचं कुणी उचलेल म्हणून तुझा नंबर लावला, तर तूच उचललास. घाबरून ठेवला. मग म्हटलं, मुलगा असेल, बापासारखा आवाज असतो.’

‘मला मुलगा कुठंय?’

‘ते तेव्हा आठवलं नाही रे.’

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. पूर्वी कुणी गेल्याचं पत्र यायचं त्याचा कोपरा फाडलेला असायचा. पाकीट बघूनच लोकांना कळायचं. ते पत्र वाचायचं, तिथल्या तिथे फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, आणि आंघोळ करायची. हे मी कधीतरी ऐकलं होतं, पण असं पत्र डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. आमच्या पिढीला माणूस गेल्याचं व्हॉट्सॲपवर कळतं. आई असती तर तिनं एका नजरेत ओळखलं असतं आणि माझी पाठ सोलून काढली असती. बाबा त्या दिवशी मुखपृष्ठाकडे एवढा वेळ का बघत होते, तेही आता कळलं.

बाबा हसत होते. पोट धरून हसत होते, आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, ‘बरं, मग ते पुस्तक कुठंय तुझं?’

‘फाडलं ना. वाचलं, फाडलं, आंघोळ केली. असलं घरात ठेवतात का?’

‘आत उघडून बघितलं नाहीस?’

‘असलं काय उघडून बघायचं?’

बाबांचं हसू थांबलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, तशीच राहिले.

‘गाढवा,’ बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. ‘मधल्या पानावर तो तिरका जिग होता. तू म्हणालास, हा होणारच नाही, ड्राफ्ट्समनला काय जातंय रेघा मारायला. आणि मग तूच करून दाखवलास. त्याच्या खाली तुझी सही आहे, तपासून घेतल्याची. छापलीय तिनं ती. आणि तू फाडलंस? बोरिवलीवाल्यानंही फाडलं? माझं सगळं काम होतं रे त्यात!’

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. पान न् पान बघितलं होतं. पाहुण्यासमोर बोलू नये हे कळत असूनही मी बोलले. ‘तुम्ही उघडलं होतंत? कधी?’

‘दिलंस त्याच दिवशी. तू आंघोळीला गेलीस तेव्हा.’

‘मग मला सांगितलं का नाहीत? मी रोज विचारत होते, बाबा!’

‘तू रोज छपाई विचारत होतीस. कागद विचारत होतीस. त्यातलं मला काय कळतं? छपाई बरी होती, बरी म्हटलं.’

मला इतका संताप आला की ट्रे खाली ठेवताना चहा सांडला. हा माणूस इतके दिवस केळी ठेवत होता त्याच्यावर. आणि संताप बाबांवर जेवढा होता तेवढाच जत्रेत कागदाचं वजन विचारणाऱ्यांवर, आणि तसलेच प्रश्न घरी विचारणाऱ्या माझ्यावरही.

काकांनी ‘दाखव तरी’ म्हटल्यावर बाबांनी फ्रिजवरून स्वतःची प्रत काढली. काका ती मांडीवर घेईनात. टेबलावर ठेवून, बोटाच्या टोकानं पानं उलटत त्यांनी मधलं पान शोधलं. सही बघितली. मग म्हणाले, ‘तेव्हा हात कापत नव्हता बघ.’ मग दोघं त्या जिगाबद्दल बोलायला लागले, कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीला, कोण मध्येच कडमडलं होतं. झालं ते झालं म्हणणारे माझे बाबा थांबतच नव्हते. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. मध्ये बोलायची भीती वाटत होती.

निघताना काका म्हणाले, ‘मला एक दे ना गं. पण हे असलं नको. हे नेलं तर आमची ही दारातच फाडेल.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ‘परत छाप. कोपरा कापू नको.’

‘बाबा, कोपरा कापला नाही तर त्या पुस्तकात राहिलं काय? तुमच्या प्रत्येक कागदाचा तोच कोपरा फाटलाय!’

‘टेप ओढताना फाटला. त्यात काय एवढं?’

‘मला तेच तर दाखवायचंय.’

‘आणि मला आतलं दाखवायचंय. ह्याला, बोरिवलीवाल्याला, जे आहेत त्यांना. आत्ता सरळ छाप. मी गेल्यावर काप तुझा कोपरा, तेव्हा शोभेल.’

‘अभद्र बोलू नको रे,’ काका म्हणाले.

मला भांडायचं होतं. वाक्यं तयार होती, वर्षानुवर्षांची होती. पण मी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि मधलं पान परत उघडलं.

‘आणि जरा लवकर छाप,’ बाबा म्हणाले. ‘आम्ही काही सगळे थांबणार नाही.’