दगड उचलणारे आबा

रस्त्यात दगड दिसला की आबांची चौदा चाकी गाडी थांबायची. मागे माल कितीही असो, पुढे उतरवायची घाई कितीही असो. इंडिकेटर देऊन ते गाडी कडेला घेणार, खाली उतरणार, दगड उचलून चारीत टाकणार आणि धोतराला हात पुसत पुन्हा वर चढणार. चांगल्या मोठ्या ट्रकचे ड्रायव्हर असूनही आबा अंगाने काटकुळे होते. एवढी गाडी या माणसाचं ऐकते तरी कशी, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

आता हे दगड रस्त्यात येतात कुठून, ते ट्रकवाल्यांना सांगायला नको. गाडी बंद पडली की ड्रायव्हर मागे सातआठ दगड ओळीने मांडतो, कडुलिंबाची फांदी खोचतो, म्हणजे येणाऱ्याला लांबून कळतं. दुरुस्ती झाली की तो घाईघाईने निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. फांदी वाऱ्याने उडते. मग त्या दगडांना ना मालक ना खूण.

मी नशिराबादच्या अलीकडे, महामार्गालगतच्या एका मोठ्या गोदामाच्या वाहतूक कचेरीत काम करते. भुसावळहून रोज स्कूटरने येते. माझ्या पडद्यावर आमची प्रत्येक गाडी म्हणजे एक हिरवा ठिपका. गाडी विनाकारण तीन मिनिटं थांबली की ठिपका लाल होतो आणि मी ड्रायव्हरला फोन लावून कारण विचारते. कारणांची यादी संगणकातच ठरलेली आहे: चहा, डिझेल, टायर, पोलीस, तब्येत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात धुळ्याकडे जाताना आबांचा ठिपका दोन तासांत तीनदा लाल झाला. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "आबा, का थांबलात?"

"दगड व्हतात, ताई."

यादीत दगड नव्हते. मी "इतर" वर बोट ठेवलं. महिन्याअखेर आबांच्या नावापुढे इतके "इतर" जमले की साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला आणि जाताना दाराशी सांगितलं, "साहेब, थांबानं त ऱ्हाईच." पुढच्या महिन्यात "इतर" वाढले. हट्टीपणात त्यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या हट्टामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, गाडी भरेपर्यंत आमच्या बाकावर बसले असताना. तरुणपणी त्यांच्या गाडीचा पाटा, म्हणजे चाकावरची पोलादी स्प्रिंग, तुटला होता. दगड मांडले, पाटा बदलला, उशीर झाला म्हणून तसेच निघाले. दोन दिवसांनी परत येताना तिथे एक मोडलेली मोटारसायकल आणि सांडलेल्या दुधाचे डाग होते. दूधवाल्याचा पाय कायमचा अधू झाला. दगड कोणाचे हे कोणालाच कळलं नसतं. आबा चौकशी करत त्याच्या घरी गेले आणि ओसरीवर उभं राहून म्हणाले, "त्या दगड मना व्हतात." पुढे काय झालं, ते मी विचारलं. "त्यानी माय रडनी," एवढंच बोलून आबा उठले.

बिनड्रायव्हरच्या ट्रकचा व्हिडिओ कोणीतरी दाखवला तेव्हा कचेरीत मोठी करमणूक झाली. "आमच्या खड्ड्यांतून चालवून दाखवा म्हणावं," असं म्हणून सगळी मंडळी हसत होती. आबा हसले नाहीत. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

"चाली," ते म्हणाले. "काबर नही चाली? माणूसले झोप येस, तिले येस नही. चांगली गोष्ट शे." आणि फोन परत देत, "पन उतरी कोन?"

खरं सांगायचं तर प्रश्न कोणाला कळलाच नव्हता, मलाही नाही.

वर्षाच्या आत तशी एक गाडी आमच्याच आवारात आली. महामार्गाच्या फाटकापासून गोदामापर्यंतचा दोन किलोमीटरचा रस्ता खासगी आहे, तिथे ती चालवून पाहायची होती. चाचणीत आमच्या जुन्या ड्रायव्हरांनी आळीपाळीने आत नुसतं बसायचं, खरंच धोका दिसला तरच लाल बटण दाबायचं. ज्याचा अहवाल चांगला येईल त्याला पुढे कामावर ठेवणार, बाकीच्यांना हळूहळू घरी पाठवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांना घरी बसायचं नव्हतं. हातपाय चालताहेत तोवर गाडीवरच, असं ते म्हणत. त्यांच्या पाळीच्या दिवशी मी त्यांना हात जोडून सांगितलं, "आबा, आज एक दिवस बटणाला हात लावू नका." ते नुसते हसले.

नेमका त्या सकाळी आवारातल्या त्याच रस्त्यावर एका ट्रकचा पाटा तुटला होता. ट्रक गेला, पाच दगड राहिले. बिनड्रायव्हरची गाडी आली, दगड लांबून ओळखले, वेग कमी केला, इंडिकेटर दिला आणि अगदी समजूतदारपणे वळसा घालून पुढे निघाली. आम्ही कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात गाडी गच्चकन थांबली. दार उघडलं, आबा उतरले आणि मागे चालत येऊन दगड उचलू लागले.

गाडी बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर वैतागले. "आबा, गाडीनं बरोबर केलं होतं. ती सुटली होती!"

"गाडी सुटनी," आबा म्हणाले. "रस्ता कोठे सुटना? आते हमालसनी सुट्टी व्हई, बठ्ठा फटफटीवर येतीन."

अहवाल मी भरायचा होता. बटण का दाबलं, याला दोनच पर्याय होते: "धोका टाळण्यासाठी" आणि "विनाकारण". साहेब आणि इंजिनियर माझ्या खांद्यावरून बघत होते. मी "विनाकारण" वर बोट ठेवलं. हे लिहिताना आजही मला माझी लाज वाटते.

महिन्याभरात आबा घरी गेले, शिंदखेडा तालुक्यातल्या आपल्या गावी. निरोपाच्या दिवशी मला तोंड वर करवेना. तेच जवळ आले. "ताई, तुनी चूक नही. यादीमा ते कारनच नही शे."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, उलट माझाच संताप आला. दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला, "धोका टाळण्यासाठी" वर बोट ठेवलं, छापून खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. झालं ते झालं, म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. मी दर सोमवारी तो पुन्हा वर काढून ठेवायचे. साहेब मला टाळू लागले, मी त्यांना टाळू दिलं नाही. पाचव्या महिन्यात ते कंटाळून म्हणाले, "बोलवा बुवा तुमच्या आबांना."

मी स्वतः गावी गेले. आबा अंगणात खाटेवर बसले होते. बातमी ऐकून त्यांचा चेहरा फुलला आणि मग त्यांनी मान हलवली. "आते मना डोया साथ देतस नही. गाडीवर बसनं म्हणजे दुसराना जीवशी खेळ." ज्या जागेसाठी मी भांडले ती त्यांनी एका वाक्यात सोडली. माझे डोळे भरून आले. आबा मात्र पुढे सरसावून बसले. "पन तू आते थांबू नको. त्या गाडीले उतरता येस नही, ठीक शे. सांगता त येस ना? तिले सांगाले लाव."

त्याला आणखी चार महिने लागले. कारणांच्या यादीत आता "दगड" आहे आणि आमचे ड्रायव्हर ते कारण देतात. आवारात ती बिनड्रायव्हरची गाडी कायमची आली आहे. दगड दिसला की ती वळसा घालते आणि माझ्या पडद्यावर जागा दाखवते. मग कोणालातरी जावं लागतं. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांकडे बघत बसले होते. मी स्कूटरची किल्ली घेतली.

आबांचा आठवड्याला एक फोन असतो. तब्येत, पाऊसपाणी काही नाही, पहिला प्रश्न ठरलेला.

"ताई, आज कोन उतरनं?"

"मी उतरले, आबा."