खिरापतीचा डबा आणि बेटावरचा कवी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, तेही फर्स्ट क्लासमध्ये. पण ब्रिस्टलला आल्यापासून त्या डिग्रीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवर कवितेचं काय काम! त्यामुळे लायब्ररीतल्या वाचनगटानं कॅरिबियन कवितांच्या संध्याकाळी एक कविता समजावून द्यायला सांगितलं, तेव्हा म्हटलं, आता दाखवतेच.

शाळेपासून अंगात मुरलेलं रसग्रहण तयार केलं. मध्यवर्ती कल्पना, प्रतिमा, भाषासौंदर्य, सगळं रीतसर.

नवरा म्हणाला, "अगं, तिथं मार्क देणार आहेत का?"

"दिले तर घेईन."

कविता अशी होती. कवी बेटावर जन्मलेला. एक पणजी आफ्रिकेतून आणलेली, एक पणजोबा हिंदुस्थानातून जहाजानं मजुरीला आलेला, आडनाव इंग्रज मळेवाल्याचं. कवी एकेकाला विचारत जातो, 'मी तुझा का?' कुणी उत्तर देत नाही. शेवटी तो घरी येतो आणि जेवायला बसतो. मी ठणकावून निष्कर्ष सांगितला: कवीला स्वतःची ओळख सापडत नाही, तो हरवलेलाच राहतो.

समोर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. लहानपणी त्रिनिदादहून आलेल्या. त्या म्हणाल्या, "हरवलेला माणूस जेवायच्या वेळेला बरोबर घरी पोचतो होय गं?"

सगळे हसले. माझं तोंड उतरलं. "आमच्या कॉलेजात असंच शिकवलंय."

"कॉलेज बेटावर होतं का?"

तेवढ्यात चहाची वेळ झाली म्हणून वाचले. मी घरून डबा नेला होता. भोंडल्याची सवय, खिरापत ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही! प्रत्येकाला डबा कानाशी धरून हलवायला लावला.

"बटणं!" "वाळू!"

"गोड की तिखट?" बाईंनी विचारलं.

"तिखट."

कुणाला ओळखता येईना, तेव्हा उघडला. आत भडंग. चुरमुरे मिळाले नव्हते म्हणून नाश्त्याचं तांदळाचं सीरियल, आणि लाल तिखट संपलं म्हणून कॅरिबियन दुकानातली गुबगुबीत पिवळी मिरची कुरकुरीत तळून घातलेली.

बाईंनी मूठभर तोंडात टाकलं. डोळ्यांत पाणी आलं तरी हात पुन्हा डब्यातच. "हे कुठलं?"

"कोल्हापूरचं."

"सीरियल इथल्या सुपरमार्केटचं, मिरची आमच्या बेटांवरची. यात कोल्हापूर कुठंय?"

"म्हणजे काय! लसूण आहे, शेंगदाणे आहेत, कढीपत्ता आहे, आणि केलंय मी. कोल्हापूरचंच आहे हे!" माझा आवाज चांगलाच चढला होता.

"कोल्हापूरला विचारलंस?"

"विचारायचं कशाला?"

बाई नुसत्या माझ्याकडे बघत कुरुमकुरुम चावत राहिल्या. हळूहळू बाकीचेही गालात हसायला लागले, आणि मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"शेवट पुन्हा सांग," बाई म्हणाल्या.

मी रसग्रहणाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि उभी राहिले. "कवी हरवलेला नाही. आपण कुणाचे, हे कुणाला विचारायची त्याला गरजच उरली नाही. म्हणून तो निवांत जेवायला बसतो."

"फर्स्ट क्लास!" म्हणत बाईंनी डबा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय, मिळाले मार्क?"

"मिळाले. डबा मात्र परत मिळाला नाही."