‘आधी’चा शॉट

"ताई, हातात झाडू घ्या ना. एकच शॉट."

असं म्हणाला तो. माझ्या ग्रंथालयात उभा राहून, माझ्या मुलांसमोर. मी रत्नागिरीतल्या एका शाळेची ग्रंथपाल. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली. त्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसून गेले होते, कारण काय, तर आज आपले सर येणार. आपले सर! थू.

हे सर पुण्याचे. मोबाइलवर शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवतात. मोठं नाव आहे. खोटं कशाला बोलू, मीही त्यांच्याकडून शिकले. रत्नागिरीत बसून ग्रंथपालाला कोण काय शिकवणार? प्रशिक्षणं सगळी शिक्षकांना. ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. कोणी शिक्षक रजेवर गेला की त्याच्या वर्गावर नेऊन बसवायची बाई. म्हणून मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी सरांचे व्हिडिओ बघायची. क्यूआर कोड तिथेच शिकले. मग माझं डोकं चालवलं. मुलांना वाचलेल्या पुस्तकावर बोलायला लावलं, त्यांचा आवाज रेकॉर्ड केला आणि कोड त्या पुस्तकाच्या मागे चिकटवला. मोबाइल धरला की आमची मांडवी बंदराकडची पोरं त्यांच्या बोलीत बोलायची, मधेच खिदळायची. पुस्तकं हातोहात जायला लागली.

मी ते नेटवर टाकलं, सरांनी ते पुढे पाठवलं. वर लिहिलं, "रत्नागिरीच्या ताईंचा भन्नाट प्रयोग!" मी हवेत. मग ते स्वतःच शूटिंगला येतो म्हणाले. व्हिडिओ चांगला झाला तर शाळेला टॅब मिळवून देतो म्हणाले. आमचे हेडसर तर दोन दिवस आधीपासून अंगण झाडून घेत होते.

आला. चहा झाला. मला विचारलं, "ताई, मूळ गाव कुठलं?"

"बुरोंडी. दापोलीकडे."

"कुठली वाडी?"

पुण्याचा असला तरी त्याचं आजोळ इकडचंच. कोकणात वाडी कशासाठी विचारतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तोंडाने जात विचारायची लाज वाटते ना, म्हणून वाडी विचारायची.

"बौद्धवाडी," मी म्हणाले.

त्याचं तोंड वाकडं झालं असतं तर मला नवल वाटलं नसतं. तसली तोंडं जन्मापासून बघितलीत. हा खूश झाला! कप खाली ठेवला आणि कॅमेरावाल्याला म्हणाला, "अरे, मग तर स्टोरी अजूनच भारी झाली." तिथल्या तिथे त्याला सुचलं. ‘आधी’ आणि ‘नंतर’. आधी झाडू मारणारी बाई, नंतर टॅब घेतलेली बाई. मधे हा.

"करून टाका हो मॅडम," हेडसर म्हणाले. "आपल्या मुलांचंच भलं आहे."

मी झाडू घेतला. हो, घेतला. टॅब दिसत होते मला, त्यावर वाकलेली मुलं दिसत होती. आपल्या पदवीचा, आपल्या साडीचा विचार बाजूला सारला.

"अजून वाका. कॅमेऱ्याकडे बघू नका."

वाकले. मुलं आधी हसली, मग गप्प झाली.

मग त्याने मोबाइलवर लिहिलेलं एक वाक्य पुढे धरलं. हे म्हणायचं, म्हणे. "सरांमुळे मी माणूस झाले."

डोकं सणकलं. आम्हाला माणूस कोणी केलं हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोराच्याही कानावर पडतं. माझ्या आजोबांनी धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढायची बंद केली, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं. उपाशी राहिले, पण परत गेले नाहीत. एवढं सोसून मिळवलेल्या माणूसपणावर हा उपटसुंभ आपलं नाव टाकणार? कशाबद्दल, तर क्यूआर कोड शिकवल्याबद्दल!

"हे मी म्हणणार नाही."

"अहो ताई, भावना पोचायला हवी ना."

"तुम्ही मला एक काम शिकवलंत. त्याचे आभार मी मानलेत. माणूस मी तुमच्या आधीपासून आहे."

झाडू कोपऱ्यात ठेवला आणि मुलांना वाचायला बसवलं. तो सामान आवरून गेला. मला वाटलं, विषय संपला.

कसला संपतोय! पुढच्याच आठवड्यात झाडूचा शॉट सगळीकडे. "एका उपेक्षित ताईचा प्रवास." खाली बदामांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस. "सर, तुम्ही देवमाणूस आहात." फिरत फिरत ते बुरोंडीला पोचलं. आईचा फोन आला.

"वाढवण हातात धरलंस कशाला गो?"

एवढंच विचारलं तिने. वाढवण म्हणजे आमच्याकडे झाडू.

केर काढायची लाज नाही मला. ग्रंथालय मी रोज झाडते, शिपाई तिकडे फिरकतही नाही. पण याने माझी वाडी विचारली आणि मग झाडू दिला. त्याची किळस येते. मी वाकले त्याचीही येते.

त्याच व्हिडिओखाली मी लिहिलं, "या व्हिडिओतली बाई मी. उपेक्षित वगैरे नाही, ग्रंथपाल आहे. मी बौद्धवाडीतली हे कळल्यावर यांनी माझ्या हातात झाडू दिला. पुस्तकांचं काम माझं आणि माझ्या मुलांचं आहे." खाली माझं नाव, आडनाव.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावलं. "मॅडम, ती कमेंट काढा. टॅब हातचे जातील. संस्थेपर्यंत गेलंय प्रकरण. तुमच्या नोकरीचा तरी विचार करा."

केला विचार. टॅब मला आजही हवेत, मुलांसाठी जीव तुटतो. पण त्या मुलांनी मला वाकताना बघितलंय. ती कमेंटही त्यांनी वाचलीय, सातवीतल्या एकीने तर मला येऊन विचारलं, "बाई, आता तुम्हाला ओरडतील?" मी आज ती कमेंट पुसली, तर उद्या तिला कोणी वाडी विचारली की ती मान खाली घालायला माझ्याकडूनच शिकेल.

हेडसरांना तोंडावर सांगितलं, "कमेंट मी काढणार नाही. संस्थेला काढायचंच असेल तर मला काढू दे."