कुंकवाखालचा नंबर

माझं अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीपर्यंतच शिकले, तेवढं सांभाळून घ्यावं.

आज सकाळी रॉकेलच्या फडक्याने सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर पुसत होते. दर दसऱ्याला आम्ही त्याच्या इंजिनावरच्या पितळी पट्टीला तेल आणि हळद-कुंकू लावत आलो. त्याचा थर इतका जाड झाला की कंपनीचं नाव, नंबर, सगळं बुजलं. मागे धाकटे दीर म्हणाले होते, "वहिनी, याची ओळखच पटत नाही, कोण घेणार? भंगारात घालू." मी त्यांच्यासमोर कधी बोलत नाही. तेव्हा मात्र मी म्हणाले, "तुमच्या वाट्याचे पैसे मी देईन. ट्रॅक्टर जाणार नाही."

फडक्याखाली एकेक आकडा उजळत गेला. आपण ज्याला पुजतो त्यालाच झाकून टाकतो, असं वाटलं. मलाही घरात सगळे मानाने वहिनी म्हणतात, पण माझं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. पट्टी लख्ख होईपर्यंत मी उठले नाही.

संध्याकाळी शेळ्या विकून आलेले शेवटचे पैसे दिरांच्या हातात ठेवले. ते हसून म्हणाले, "फिटलं सगळं, वहिनी. आता ट्रॅक्टर तुमचा, धक्का मारायलाही तुम्हीच."